स्पीकरमध्ये घूंऽऽ, कॅबिनेटला झिणझिण्या: साउंड कार्ड घ्यावं की बोर्डच बदलावा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. अहिराणी गाणी आणि निवेदन रेकॉर्ड-एडिट करण्यासाठी असेंबल केलेला पीसी आहे. आय३-१२१०० प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बोर्डावरचा ऑडिओ एएलसी ८९७, लॅन आरटीएल ८१११एच. मागे तीन ऑडिओ जॅक, चार काळे यूएसबी, दोन निळे. अडचणी अशा:

१) मागच्या हिरव्या जॅकमधून ॲम्प्लिफायरला वायर दिली की स्पीकरमध्ये सतत घूंऽऽ. त्यावर एक बारीक किर्र आवाज, तो माउस हलवला की बदलतो.
२) अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. चैत्र-वैशाखापासून जास्तच.
३) कॉलरला लावायचा माईक समोरच्या जॅकमध्ये चालत नाही. मागे गुलाबीत लावला तरी मुका.
४) इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पीसीवर ९४ च्या वर जात नाही. मोबाईलवर वायफायने १८० मिळतो.
५) बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो.

दुकानदाराचं म्हणणं, बोर्डावरचा साउंड असाच असतो, साउंड कार्ड टाका. टाकावं का?

सोल्डरची वाफ (भुसावळ)

आत्ता नका टाकू. १ आणि २ ही एकच तक्रार आहे आणि ती बोर्डाची नाही, तुमच्या अर्थिंगची आहे. एएलसी ८९७ हा साधा कोडेक (आवाजाची चिप) आहे खरा, पण माउस हलवल्यावर किरकिरण्याइतका वाईट नक्कीच नाही.

आत काय होतं ते बघा. प्रत्येक एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून अर्थला आणि दुसरा न्यूट्रलपासून अर्थला जोडलेला असतो. त्यांचं काम सप्लायमधला कचरा अर्थमध्ये सोडायचं. अर्थची वायर धड असेल तर हा गळणारा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थ तुटलेली असेल तर दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकलेला कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट मिलिअँपिअरच्या घरातला, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या. पण त्या करंटला जमिनीकडे जायची दुसरी वाट सापडली की तो तिथून जातो. तुमच्याकडे ती वाट म्हणजे ऑडिओ वायरची बाहेरची जाळी. बोर्डाची ग्राउंड, जॅकचा पत्रा आणि कॅबिनेट हे सगळं एकच असतं. म्हणून ५० हर्ट्झची घूं. आणि प्रोसेसरवरचा भार माउस हलल्यावर बदलतो, त्याची लहर त्याच वाटेने येते, ती तुमची किरकिर.

खात्री अशी करा:

हेडफोन थेट मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा, बाकी कुठलीही ऑडिओ वायर जोडू नका. आवाज स्वच्छ आला तर कोडेक निर्दोष.

मग ॲम्प्लिफायरची तीच वायर चार्जर काढलेल्या मोबाईलला लावा. घूं गायब झाली तर ॲम्प्लिफायर आणि वायरही निर्दोष. म्हणजे दोघं वेगवेगळे ठीक आणि एकत्र आले की भांडण. असं भांडण बहुतेक वेळा अर्थचंच.

आता मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून पीसीच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोनेक व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर सॉकेटच्या वरच्या जाड भोकात वायर आहे, पण ती कुठेही पोचत नाही. मीटरची दांडी उघड्या फेजला लागते, सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

माप येईपर्यंत एक काळजी घ्या. एचडीएमआय, व्हीजीए किंवा ऑडिओची वायर चालू पीसीला खुपसायची नाही. पिनेच्या आधी जाळी टेकली तर ठीक, पण तिरकी वायर घातली आणि सिग्नलची पिन आधी टेकली तर ते ११५ व्होल्ट थेट चिपच्या पायावर जातात. ‘एचडीएमआय पोर्ट आपोआप गेला’ म्हणून येणाऱ्या बोर्डांपैकी कित्येकांचं कारण हेच असतं. दोन्हीकडचा सप्लाय बंद, मग वायर, मग सप्लाय चालू.

आणि प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घूं जाते, पण एसएमपीएस शॉर्ट झाला तर पत्रा पूर्ण फेजवर येतो.

पाचव्या तक्रारीचं उत्तर सोपं आहे. यूएसबी ३ चा ५ जीबीपीएसचा डेटा वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतो आणि वायरलेस माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. माउसचा डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टच्या शेजारून काढा. मागच्या काळ्या पोर्टला एक-दीड मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा. डिस्कची वायर आत जाळी असलेली (शिल्डेड) आणि आखूड घ्या.

नेटवर्कवाला भो (जळगाव)

भो, ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या लिंकवर कामाचा वेग ९४-९५ च मिळतो. म्हणजे लॅन गिगाबिटवर जुळतच नाहीये. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडा, लिंक स्पीड १००/१०० दिसेल. १०००/१००० दिसायला हवा.

आधी राउटरकडे बघा. फायबरच्या बऱ्याच स्वस्त डब्यांवर चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकी १०० चे. पोर्टखाली जीई लिहिलेलं असेल तो गिगाबिट, एफई म्हणजे १००. कधी कधी एवढ्यावरच काम होतं.

तिथे ठीक असेल तर वायर. १०० ला आठपैकी चारच तारा पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे ४-५ किंवा ७-८ मधली एक तार जरी आरजे-४५ प्लगच्या आत टेकली नाही तरी लिंक गुपचूप १०० वर उतरते. नेट चालू असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही टोकांना क्रम हा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगचा खटका खाली, केबल आपल्या बाजूला आणि पिनांचं टोक पुढे असं धरलं की डावीकडून पहिली पिन. क्रिंप करण्याआधी आठही तारा प्लॅस्टिकच्या टोकाला भिडलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत शिरून दाबलं गेलं पाहिजे.

बाजारात स्वस्तात मिळणारी कॅट ६ बहुधा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ती वायर परत करा. शुद्ध तांब्याची साधी कॅट ५ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात नेते.

वायर एका इमारतीतून दुसरीत, छपरावरून लटकत गेलीय का? गेली असेल तर तेही लिहा.

माईकमागे (अमळनेर)

तिसऱ्या तक्रारीवर. तुमच्या माईकच्या प्लगवर काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर तो मोबाईलचा चार भागांचा प्लग आहे. त्यात माईकचा सिग्नल सगळ्यात मागच्या भागावर असतो आणि ग्राउंड त्याच्या आधीच्या. बोर्डाच्या गुलाबी जॅकमध्ये मात्र सिग्नल टोकावर आणि ग्राउंड मागच्या भागावर. म्हणजे तुमचा माईक आपलं बोलणं थेट ग्राउंडमध्ये ओततोय. बिघाड काहीच नाही. चार भागांवरून तीन भागांचा छोटा ॲडाप्टर मिळतो, मागताना ‘मोबाईलचा कॉलर माईक पीसीला लावायचाय’ असं स्पष्ट सांगा. हेडफोनसाठीचा दोन तोंडांचा स्प्लिटर मिळाला तरी चालेल, त्याचं फक्त माईकचं तोंड वापरायचं.

त्यानंतरही समोरचा जॅक मुका राहिला तर कॅबिनेट उघडावा लागेल. समोरच्या ऑडिओची वायर बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांच्या हेडरवर (बोर्डावरच्या उभ्या पिनांच्या जुडग्यावर) बसते. जुन्या कॅबिनेटच्या वायरला दोन प्लग असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी९७ लिहिलेलं. एचडीवालाच लावायचा. एसी९७ लावला तर आवाज येतो, पण माईक घातल्याचं बोर्डाला कळत नाही.

आता इथली नेहमीची चूक. यूएसबी २.० चा हेडरही नऊ पिनांचाच, तसाच दिसणारा. फरक गाळलेल्या पिनेचा. यूएसबीत कोपऱ्यातली, म्हणजे ९ वी पिन नसते. ऑडिओत ८ वी नसते, ती कोपऱ्याच्या एक अलीकडे आणि दुसऱ्या ओळीत. प्लगच्या बुजलेल्या भोकाशी जुळवून बघायचं. बसत नाही म्हणून जोर लावला, किंवा बुजलेलं भोक सुईने मोकळं केलं, की यूएसबीचे ५ व्होल्ट नको तिथे जातात.

विंडोजकडून अजून दोन गोष्टी. प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू हवी. आणि साउंडच्या जुन्या खिडकीत रेकॉर्डिंगखाली उजवी क्लिक करून ‘बंद केलेली उपकरणं दाखवा’वर खूण करा, माईक तिथे लपलेला सापडतो. माईक बूस्ट १० किंवा फार तर २० डेसिबलवर ठेवा. ३० वर नेला की निवेदनापेक्षा सुस्काराच मोठा.

एक मतभेद मात्र नोंदवतो. वाफदादा म्हणतात तसं अर्थिंग आधी, मान्य. पण गाणी रेकॉर्ड करायची असतील तर पुढेमागे यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक जोडायचा बाहेरचा डबा) घ्यावाच लागेल. बोर्डाचा गुलाबी जॅक छोट्या इलेक्ट्रेट माईकला लागणारे दोन-अडीच व्होल्ट देतो, तेवढंच त्याचं काम. स्टेजवरच्या डायनॅमिक माईकला पुरेसं गेन त्यात नाही आणि कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट तर नाहीतच.

सोल्डरची वाफ (भुसावळ)

इंटरफेस घ्यायला माझी हरकत नाही, क्रमाला आहे. यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसची ग्राउंड यूएसबीच्या जाळीतून त्याच कॅबिनेटला जाते. अर्थ लटकलेली असताना आठ-दहा हजार घातले तरी घूं तीच, फक्त चोवीस बिटमध्ये.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मापं घेतली. फेज-न्यूट्रल २३३, फेज-अर्थ १३१, न्यूट्रल-अर्थ १०२. हेडफोन मागे लावला तर एकदम स्वच्छ. मोबाईलवर ॲम्प्लिफायर शांत. ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या स्विचबोर्डावर आहे आणि त्याला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही जोडलाय.

माईकवर तीन पट्टे आहेत, ॲडाप्टर मागवला. राउटरवर एकच पोर्ट जीई निघाला, त्यात वायर घातली, आता १८९ मिळतो. माउसही सुधारला.

वायर छपरावरून जाते, होय. घरातून मागच्या शेडमधल्या दुसऱ्या पीसीपर्यंत, साधारण ५५ मीटर.

सोल्डरची वाफ (भुसावळ)

१३१ आणि १०२ मिळून बरोबर २३३. तुमचा अर्थ फेज आणि न्यूट्रलच्या मधे लटकलाय याचा याहून चांगला पुरावा नको. डिजिटल मीटर कधी कधी भुताटकीचे व्होल्ट दाखवतो, म्हणून वायरमन टेस्ट लॅम्पने पडताळेल. फेज आणि अर्थमध्ये ४० वॅटचा बल्ब नीट पेटला तर अर्थ आहे. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर बल्ब पेटण्याआधी ती ट्रिप होईल, आणि ट्रिप झाली म्हणजेही अर्थ जिवंत आहे. तुमच्याकडे दोन्हीतलं काही होणार नाही असा अंदाज. हा प्रयोग स्वतः करू नका.

वायर कुठे तुटलीय ते मागून पुढे बघत जायचं: सॉकेटचा स्क्रू, स्विचबोर्डातला सांधा, मीटरजवळची पट्टी, मग अर्थिंगचा पाइप पुरलेला खड्डा. उन्हाळ्यात जास्त झिणझिण्या येतात म्हणालात, म्हणून खड्ड्यावर माझा पहिला संशय. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि पाइपापासून माती सुटते. पावसाळ्यात तीच माती फुगून पाइपाला धरते. त्यामुळे ऑगस्टमध्ये तपासलेली अर्थिंग मे महिन्यात खरी धरायची नाही. खड्ड्यावर दोन-तीन बादल्या पाणी ओतून तासाभराने पुन्हा मापा. आकडे सुधारले तर खड्ड्याचंच काम, पाइप निदान अडीच मीटर खोल आणि भोवती मीठ-कोळसा किंवा तयार अर्थिंग पावडर. काहीच फरक नाही पडला तर वायर मधेच तुटलीय.

त्यानंतरही थोडी घूं राहू शकते, कारण ॲम्प्लिफायर दुसऱ्या स्विचबोर्डावर आणि केबल टीव्हीच्या वायरची जाळी स्वतःची वेगळीच जमीन घेऊन घरात येते. सेट-टॉप बॉक्सची मागची केबल काढून बघा. घूं थांबली तर पीसी आणि ॲम्प्लिफायर एकाच स्पाइक गार्डवर आणा. ते जमत नसेल तर ऑडिओ वायरच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकातून पलीकडे जातो, जाळी जोडलेली राहत नाही. स्वस्तातल्यात खालचा बेस थोडा पातळ होतो. ढोल-संबळ मिक्स करताना ते कानाला कळेल, म्हणून हा शेवटचा उपाय.

पीसी उघडाल तेव्हा मागची पत्र्याची आयओ प्लेट आहे का तेही बघा. पोर्टचे पत्रे कॅबिनेटला टेकवायचं काम तिचं असतं. बसवताना तिची एखादी जीभ लॅन किंवा एचडीएमआयच्या तोंडात वाकून शिरते, मग तो पोर्ट विनाकारण ‘खराब’ ठरतो.

नेटवर्कवाला भो (जळगाव)

५५ मीटर उघड्यावर, तेही तांबं! मृगाआधीचे वळीव यायच्या आत ती वायर उतरवा. वीज थेट पडायचीही गरज नाही. जवळपास कडाडली तरी लांब तारेत झटका उमटतो आणि लॅनची चिप जाते, कधी तिच्यासोबत आख्खा बोर्ड. शिवाय घराची आणि शेडची अर्थ वेगळी. लॅनच्या पोर्टमध्ये आयसोलेशनचे ट्रान्सफॉर्मर असतात, पण ते १५०० व्होल्टच्या चाचणीचे, आभाळातल्या विजेसमोर किरकोळ.

तिथे फायबर टाका. गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (लॅनचा सिग्नल फायबरवर नेणाऱ्या डब्यांची) ए-बी जोडी घ्यायची. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट, म्हणून एकच सिंगल मोड धागा पुरतो. दोन्ही ए किंवा दोन्ही बी घेतले तर लिंक लागणार नाही. ड्रॉप केबल घेताना आत स्टीलची तार नसलेली, एफआरपी (बिनधातूच्या) काडीची मागा. स्टीलवाली घेतली तर पुन्हा धातूच ताणल्यासारखं झालं. टोकं जोडायला तुमच्या इंटरनेटवाल्याचाच माणूस येईल, स्प्लायसिंग मशीन त्याच्याकडे असतं.

केळीबाग (रावेर)

याच धाग्यात विचारतो. माझाही एच६१० बोर्ड, वायफाय नाही. पीसीआयई वायफाय-ब्लूटूथ कार्ड बसवलं. वायफाय लागलं, ब्लूटूथ दिसतच नाही. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

माईकमागे (अमळनेर)

ड्रायव्हर सोडा दादा, वायर राहिलीय. अशा कार्डावर वायफाय पीसीआयईतून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीतून. कार्डासोबत एक बारीक वायर आली असेल, तिचं एक टोक कार्डावर आणि दुसरं बोर्डाच्या नऊ पिनी यूएसबी २.० हेडरवर. स्वस्त बोर्डावर असा हेडर बरेचदा एकच असतो आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीने अडवलेला असतो. मग एकाचे दोन करणारा यूएसबी २.० हेडर हब घ्यायचा. किंवा पुढचे काळे यूएसबी सोडून द्यायचे, निळे वेगळ्या १९ पिनांच्या हेडरवर असतात, ते चालूच राहतील. ती निळी प्लग उपसताना सरळ वर ओढा. डावी-उजवी हलवलीत तर हेडरच्या पिना वाकतात आणि चिमट्याने सरळ करताना हमखास तुटतात.

बोर्डावर एम.२ चा ई-की स्लॉट (वायफाय मॉड्यूलसाठीची छोटी खाच) असेल तर कार्डाऐवजी मॉड्यूलच बसतं, वायरची भानगड नाही. फक्त एएक्स२०१ इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालतं, त्याला चिपसेटची साथ लागते. एएक्स२१० चं वायफाय साध्या पीसीआयईवर आणि ब्लूटूथ स्लॉटमधल्याच यूएसबीवर चालतं, ते घेतलेलं बरं. दोन्ही अँटेना लावा आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

खड्ड्यात तीन बादल्या पाणी ओतून तासाभराने मापलं. फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ ६. झिणझिण्या बंद. घूं बरीच उतरली, किरकिर पूर्ण गेली. सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर उरलेलीही गेली. वायरमन रविवारी येणार आहे.

सोल्डरची वाफ (भुसावळ)

६ अजून जास्त आहे. नवा पाइप टाकल्यावर घरातली मोटर किंवा कूलर चालू ठेवून पुन्हा मापा. भार नसताना आकडा नेहमीच गोड दिसतो. आणि वायरमनला पीसीच्या सॉकेटपासून मेन पट्टीपर्यंत अर्थची तार सलग आहे का ते तपासायला सांगा, मधे कुठे नुसती पिळून टेप मारलेली असेल तर पुढच्या वैशाखात पुन्हा हेच.